कुंकू लावलेला प्रोजेक्टर

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. वापरून जुना झालो असतो तर छाती पुढे काढून सांगितलं असतं, पण मी नुसता ठेवून ठेवून जुना झालोय. बुलढाण्याहून देऊळघाटाकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत एक गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, एका वर्गाच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट आहे, तेच माझं घर. शेजारी फुटका पृथ्वीगोल, रस्सीखेचीचा दोर आणि कुणीतरी ठेवून विसरलेले झेंडूचे वाळके हार. मित्रांनो, तुम्हाला मित्रांनो म्हणतो ते रीत म्हणून. खरं तर माझा तुमच्या मोठ्या माणसांवर राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. गोड गोड कहाणी ऐकायची असेल तर छत्रीकडे जा, फाटक्या पुस्तकाकडे जा. ती बिचारी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मला ते जमत नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी मला पहिल्यांदा सुरू केलं आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर माझा उजेड पडला. काय सांगू, तो उजेड आपलाच आहे यावर माझा विश्वासच बसेना! बाईंनी समाधानानं मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. आगगाडीनं मलकापूरला उतरलो. तिथं कापसाच्या गाठींच्या शेजारी एका गोदामात पडून राहिलो. मग टेम्पोत बसून राजूर घाट चढलो आणि बुलढाण्याला एका दुकानात आलो. घाटात अंगाचा खुळखुळा झाला, पण मी कुरकुर केली नाही. आपल्याला पोरांना जग दाखवायचंय, एवढंच डोक्यात होतं. वेडा होतो मी.

तेव्हा शाळा डिजिटल करायची लाट आली होती. गावानं लोकवर्गणी काढली. सोयाबीन विकून आलेल्या शेतकऱ्यांनी दिले, किराणावाल्यानं दिले, आणि गादीवाल्या रहेमतुल्लाभाईंनीही दिले. शाळेच्या रस्त्यावरच त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. त्यांची मुलगी अदीबा तेव्हा पाळण्यात होती. वर्गणी देताना ते म्हणाले, "माही पोरगी शाळेत येईन तवा तिच्या कामी येईन हे मशीन." मी खोक्यात होतो, पण ऐकलं होतं. असं काही कुणी आपल्याबद्दल बोललं की बरं वाटतं हो.

मग माझ्या उद्घाटनाचा दिवस उजाडला. शाळेचे मुख्याध्यापक अनंत सर नवा सदरा घालून आले होते. पाहुणे आले, फीत कापली, नारळ फुटला. खिचडी शिजवणाऱ्या रुखमाबाईंनी पूजेचं ताट आणलं. पाहुण्यांनी मला हळद वाहिली, अक्षता टाकल्या आणि कुंकवात बोट बुडवून ते थेट माझ्या भिंगावर टेकवलं. भिंगावर! म्हणजे माझ्या डोळ्याच्या बुबुळावर! माणसाच्या डोळ्यात कुणी कुंकू घातलं असतं तर त्यानं गाव डोक्यावर घेतलं असतं. मी मुकाट्यानं उभा. टाळ्या वाजल्या. मला सुरू केलं, फुलपाखराच्या जन्माची फिल्म लागली आणि भिंतीवर मधोमध हा एवढा लाल डाग उमटला.

रुखमाबाई म्हणाल्या, "सर, ते कुंकू पुसू का? सगळं लाल दिसून राह्यलं."

"पूजेचं कुंकू हाये ते!" अनंत सरांनी डोळे वटारले. "पुसू नका. शुभकार्यात असं करतात का?"

संपलं. कुंकू राहिलं. पुढे त्या वर्गातल्या पोरांनी वहीत चित्रं काढली, तेव्हा अंड्यावर लाल ठिपका, अळीवर लाल ठिपका, कोषावर लाल ठिपका. एकानं तर उत्तरात लिहिलं की फुलपाखराच्या पोटावर जन्मतः लाल डाग असतो. त्याला पूर्ण गुण मिळाले.

कार्यक्रम झाला आणि अनंत सरांनी मला कपाटात घातलं. माझ्या अंगावरचं कारखान्यातलं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही, नवं राहावं म्हणून. त्यावर रेक्झिनचं कव्हर, त्यावर सुतळी. किल्ली सरांच्या जानव्याला. अहो, माणूस जेवायला बसला तरी किल्ली बरोबर! तपासणीला कुणी साहेब येणार असले की मला बाहेर काढायचं, तीच फुलपाखराची फिल्म लावायची. पोरांना ती इतकी पाठ झाली होती की चित्र यायच्या आधीच सगळी ओरडायची, "अंडी! अळी! कोष! फुलपाखरू!" साहेब खूश होऊन म्हणायचे, वा, मुलं किती हुशार आहेत, आणि यंत्र किती जपून ठेवलंय, अगदी नव्यासारखं. सरांची छाती फुगायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सर असे का वागायचे, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल की एकतर्फी बोलतोय. पूर्वीच्या शाळेत त्यांच्या ताब्यातला टीव्ही चोरीला गेला होता. त्या चौकशीनं त्यांची झोप उडवली, लोकांनी नाही नाही ते बोलून घेतलं. तेव्हापासून कुलूप हाच त्यांचा स्वभाव झाला. कारण मला समजलं. राग काही गेला नाही.

कपाटाच्या दाराला एक फट आहे. त्या फटीतून मी वर्ग पाहायचो. पहिली ते तिसरी अनंत सर शिकवायचे. पाळण्यातली अदीबा मोठी होऊन त्याच वर्गात येऊन बसली, आणि मला मोठी आशा वाटली. पण पोरगी गप्प. फळ्यावरचं वाचायला उभी केली की मान खाली. पुस्तक हातात दिलं की ती ते उचलून नाकाला लावायची, वास घेतल्यासारखं. सर लगेच खेकसायचे, "पुस्तक एक हात दूर! ताठ बस! चांगल्या सवयी शिक जरा!"

एक हात दूर पुस्तक धरायचा नियम सरांनी भिंतीवर सुद्धा लावला होता. चांगली सवय म्हणून. पुस्तक दूर गेलं की अदीबाचं तोंड बंद व्हायचं. पुन्हा जवळ घेतलं की हातावर पट्टी बसायची. हळूहळू तिनं पुस्तक जवळ घेणंच सोडून दिलं. दूर धरायची आणि बसून राहायची, चेहरा कोरा. पोरं तिला 'ढ' म्हणायची, आणि सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. तिसरीच्या शेवटी त्यांनी रहेमतुल्लाभाईंना बोलावून सांगून टाकलं, "भाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोरीचं डोकंच नाई. किती केलं तरी पालथ्या घड्यावर पाणी."

रहेमतुल्लाभाईंनी मान डोलावली. "चौथी झाली की दुकानावर बसवतो तिले. टाके छान घालते."

फटीतून सारं ऐकत होतो मी. काय करणार? ज्यांच्या वर्गणीतून आलो त्यांच्याच पोरीचा निकाल लागत होता आणि मी कपाटात, सुतळीनं बांधलेला.

त्याच वर्षी निवेदिता मॅडम बदलून आल्या. बुलढाण्याच्या, सडसडीत अंगाच्या, बोलायला खणखणीत. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे आला आणि तो माझ्याच खोलीत भरू लागला. मॅडमचा एक ब्लॉग होता. तुम्हाला वाटेल ब्लॉग म्हणजे कायतरी मोठं प्रकरण. तसं काही नाही, इंटरनेटवरची एक भिंत समजा, त्यावर मॅडम रोज धडा चिकटवायच्या. पण धडे कसे? गावातले! रुखमाबाईंची चूल, बाजारातली मिरचीची पोती, एसटी थांब्यावरचा पिंपळ, यांचे फोटो काढायच्या आणि खाली सोपी सोपी वाक्यं लिहायच्या आणि ती स्वतःच्या आवाजात वाचूनही ठेवायच्या. धड्याखाली प्रतिक्रिया लिहायला जागा असायची, तिथं पोरांचे आईबाप काहीबाही लिहायचे. आमच्या चुलीचा फोटो आला म्हणून एकानं जोडलेल्या हातांची पाच चित्रं पाठवली होती.

दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी सरांना विचारलं, "सर, प्रोजेक्टर आहे ना आपल्याकडे? वर्गात लावते. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर अख्खा वर्ग कसा बघणार?"

"त्याची काय गरज?" सर म्हणाले. "फळा आहे की."

"फळ्यावर मिरचीचा बाजार कसा दाखवू?"

"मॅडम, तुम्ही काऊन मागं लागल्या त्या मशीनच्या? महाग वस्तू आहे. बिघडली तर जबाबदारी माझी."

"आणि पोरं बिघडली तर?"

सर लाल झाले. मॅडम हटल्या नाहीत. त्या रोज मागायच्या, सर रोज नाही म्हणायचे. शिक्षकांच्या बैठकीत मॅडमनी सगळ्यांसमोर विषय काढला, तेव्हा सरांचा नाइलाज झाला. किल्ली काढताना जणू स्वतःची किडनी काढून देत होते. "कव्हर काढू नका," एवढं मात्र बजावून गेले.

सर पाठमोरे झाले आणि मॅडमनी कव्हर काढलं, सुतळी सोडली, प्लास्टिक टराटरा फाडलं. आहाहा! किती वर्षांनी अंगाला वारा लागला! मग त्यांनी स्वतःच्या चष्म्याचं फडकं घेतलं आणि माझ्या भिंगावरचं ते कुंकू अलगद पुसलं. रुखमाबाई दारात उभ्या होत्या. "बरं केलं बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या डोळ्यात घातलं असतं तर आम्ही आंधळेच झालो असतो."

खिडक्या झाकायला मॅडमनी पोरांना कापड आणायला सांगितलं होतं. अदीबानं वडिलांच्या दुकानातलं गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणलं होतं. वर्गात अंधार झाला. मॅडमनी लॅपटॉप जोडला, मोबाइलचं नेट लावलं आणि माझा उजेड भिंतीवर पडला. बाजाराचा फोटो, खाली एकेक वाक्य, हातभर उंचीची अक्षरं. पोरांनी एकच कल्ला केला.

आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून अदीबा उठली. सरळ चालत भिंतीपाशी आली. तिची सावली अक्षरांवर पडली, पोरं ओरडली, "बस बे खाली! दिसून नाई राह्यलं!" ती बसली नाही. बाजूला सरकली आणि नाक भिंतीला लागेल एवढ्या जवळून, पण मोठ्यानं, वाचू लागली, "आमच्या गावच्या बाजारात मिरचीचे ढीग लागतात. ढिगाजवळ गेलं की शिंका येतात."

मॅडम लॅपटॉप सोडून तिच्यापाशी आल्या.

"तू वाचलंस?" मॅडमनी विचारलं.

"हो. ह्याच्यात अक्षरं दिसतात," अदीबा म्हणाली.

मॅडमनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि लॅपटॉपवर अक्षरं लहान केली. अदीबा गप्प. मोठी केली, अदीबा सुरू. पुन्हा लहान, पुन्हा गप्प. पुन्हा मोठी, पुन्हा सुरू! मग मॅडमनी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुला हवं तसं धर." तिनं आधी भीत भीत दाराकडे पाहिलं, सर तर नाहीत ना. मग पुस्तक नाकाला लावलं आणि अख्खं पान घडाघडा वाचून काढलं. अक्षरं कुठं शिकलीस, विचारलं तर म्हणाली, शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर बाराखडी रंगवली आहे ना, तिला टेकून उभी राहते मी मधल्या सुट्टीत. फळ्यावरचं दिसत नाही हे सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, सगळ्यांना असंच पुसट दिसतं असं वाटलं.

मित्रांनो, त्या वेळी मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच ते रागानं सुकलं. त्या तरातरा अनंत सरांकडे गेल्या. पोरगी ढ नाही, तिची नजर कमी आहे, तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं, तीन वर्षं आपण पट्ट्या मारत बसलो! 'आपण' म्हणाल्या त्या, पण सरांना नेमकं कळलं कोणाला म्हणाल्या ते.

"नजर कमी?" सर उसळले. "तिचा बाप सांगतो, पोरगी सुई ओवते, बारीक टाके घालते. नजर कमी असती तर सुई ओवली असती का? तुमच्या ब्लॉगवर ते धडे आवाजासकट असतात. तिनं आईच्या मोबाइलवर ऐकून पाठ केलं. तुम्ही ब्लॉग अन् मशीन घेऊन तमाशा करून राह्यल्या!"

मॅडमनी परोपरीनं सांगितलं, सुई माणूस डोळ्याजवळ धरून ओवतो. सर ऐकायला तयार नव्हते. कसे होणार? ऐकलं तर आपण तीन वर्षं काय केलं, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्याच दुपारी त्यांनी मला पुन्हा कपाटात कोंडलं. मशीन गरम होतं म्हणाले. मशीन गरम होतं! मी रागानं गरम झालो होतो.

इकडे सरांनी रहेमतुल्लाभाईंना निरोप धाडला, चौथी पूर्ण व्हायची वाट तरी कशाला बघता, सोमवारपासून पोरगी दुकानावर बसवा. भाईंनाही ते पटलं, गाद्यांचा हंगाम तोंडावर होता. मॅडमना कळलं तेव्हा त्या दुकानावर गेल्या. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण शनिवारी सकाळच्या शाळेला रहेमतुल्लाभाई वर्गाच्या दारात उभे होते, अंगावर कापसाचे तंतू तसेच, आणि मागे अनंत सर.

"मॅडम, पोरगी शाळेत दिवसभर बसते, घरी येऊन मुकी," ते म्हणाले. "मंग मी काऊन पाठवू? आज दाखवा तुम्ही काय दाखवता ते. नाई जमलं तर सोमवारपासून येणार नाई ती. मले तुमच्याशी भांडायचं नाई."

अदीबा पहिल्या बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हे जमलं नाही तर तिची शाळा संपणार, हे तिला कळत होतं, मला कळत होतं, वर्गातल्या पोरापोराला कळत होतं.

"सर, किल्ली," मॅडम म्हणाल्या.

बापासमोर नाही म्हणणं सरांना जड गेलं. कपाट उघडलं. मी टेबलावर आलो, खिडक्यांवर पुन्हा कापड चढलं. सर हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचा एकही धडा लावायचा नाही. सगळे तिला पाठ आहेत."

"बरं," मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहा. तुमच्या मोबाइलवरून ब्लॉग उघडा आणि धड्याखाली प्रतिक्रियेत वाटेल ते एक वाक्य लिहा. मलासुद्धा दाखवू नका. ते मी इथं भिंतीवर मोठं करते. तिनं पहिल्या बाकावरून बसल्या जागी वाचायचं. वाचलं नाही तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

सरांना ते आवडलं. मोबाइल काढला, ओठ आवळले आणि एका बोटानं टाइप करत राहिले. त्यांना खातरी होती की पोरगी वाचणार नाही. म्हणून त्यांनी जे मनात होतं, तेच लिहिलं. बापाला एकदाचं कळू दे, असा विचार केला असणार त्यांनी. मॅडमनी लॅपटॉपवर प्रतिक्रिया उघडली. ती वाचली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर वाटलं, त्या ती मिटून टाकतील. मीही मनात म्हणत होतो, मिटवा, नका दाखवू. पण त्यांनी अदीबाकडे पाहिलं आणि वाक्य भिंतीवर मोठं केलं, भिंतभर.

मला माझाच उजेड नकोसा झाला. असलं वाक्य मी दाखवायचं?

"काय लिहिलं?" रहेमतुल्लाभाईंनी विचारलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, ते लहानपणी थोडं उर्दू शिकले तेवढंच. "अदीबा, काय लिहिलं बेटा?"

अदीबानं डोळे बारीक केले. एक एक शब्द, घाई न करता, खणखणीत आवाजात तिनं वाचलं, "ही मुलगी कधीच वाचू शकणार नाही."

वाचून झाल्यावर तिला त्याचा अर्थ लागला. मग ती भिंतीकडे बघायची थांबली आणि सरांकडे बघायला लागली. रहेमतुल्लाभाईही सरांकडे बघायला लागले. तो दांडगा माणूस, पण आवाज केवढासा झाला, "सर, हे तुमी लिहिलं? माह्या पोरीसाठी?"

सरांना सुचलं ते एकच, भिंतीवरचं वाक्य आधी घालवायचं. ते धावले आणि माझी वायर बोर्डातून हिसकून काढली.

मित्रांनो, आमच्या जातीला असं बंद करत नाहीत. दिवा आधी विझवायचा, पंखा थोडा वेळ फिरू द्यायचा, मग वायर काढायची. आतला दिवा तापून लाल झालेला असतो. ज्या माणसानं मला धुळीपासून, वाऱ्यापासून, पोरांच्या हातांपासून इतकी वर्षं जपलं, त्याच माणसानं एका झटक्यात माझा दिवा फोडला. आतमध्ये फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला. दारातून रुखमाबाई ओरडल्या, "अहो सर, काय केलं हे!" पण वाक्य वाचून झालं होतं. आता कितीही अंधार करा.

रहेमतुल्लाभाईंनी खिडकीवरचं गादीचं कापड काढलं, त्याची घडी घातली आणि ती मॅडमपुढे ठेवली. "हे वर्गातच राहू द्या," ते म्हणाले. "सोमवारी पोरगी येईन. आज तिले बुलढाण्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन जातो. पत्ता सांगा." अदीबा आपलं दप्तर घेऊन बापामागे निघाली. सरांच्या समोरून जाताना ती घाबरली नाही, आणि थांबलीही नाही.

त्या दिवसानंतर मी कपाटात आहे. नवा दिवा मागवायला हवा, असं सगळे म्हणतात. म्हणतात! अनंत सर आता फारसं बोलत नाहीत. किल्ली मात्र त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवून दिलीय. मॅडमना कुणीतरी वापरलेला टीव्ही दिलाय, त्यावर ब्लॉगचे धडे लागतात. माझ्यावाचून कुणाचं अडलेलं नाही, हे फटीतून मला रोज दिसतं. अदीबा जाड भिंगांचा चष्मा लावते. पुस्तक एक हात दूर धरून वाचते, आणि मुद्दाम मोठ्यानं वाचते. मराठीच्या तासाला तर गप्पच बसत नाही, मॅडमना तिला आवरावं लागतं.

सरांची ती प्रतिक्रिया ब्लॉगवर अजून आहे. मॅडम एकदा ती काढून टाकणार होत्या, अदीबानं काढू दिली नाही. "मले खाली काई लिहायचं हाये," म्हणाली. मॅडमनी मोबाइल हातात दिला. तिनं बराच वेळ घेतला, वर्गातल्या पोरांनी तिला गराडा घातला, आणि शेवटी तिनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. सरांच्या वाक्याखाली आता तिच्या नावानं एकच शब्द आहे: वाचलं.

मित्रांनो, माझं म्हणणं थोडकंच आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. वस्तू जपणं म्हणजे तिला कोंडणं नव्हे. माझ्यासारखा एखादा तुमच्या शाळेत असेल तर त्याला बाहेर काढा, वापरा, झिजवा, मोडला तर मोडू द्या. तुमचे सर नाही म्हणाले तर रोज मागा, मॅडमसारखे. आणि तुमच्या वर्गात मागच्या बाकावर एखादं पोर मान खाली घालून बसत असेल, तर त्याला नावं ठेवायच्या आधी एकदा त्याच्याजवळ जाऊन विचारा, की बाबा रे, तुला फळ्यावरचं दिसतं का? एवढं विचारायला कपाटाची किल्ली लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, ब्लॉगही लागत नाही. तीन वर्षं अख्खी शाळा अदीबाच्या भोवती होती, आणि कुणी विचारलं नाही.